बोट

आमच्या वास्कोत बोट म्हटलं की विचारावं लागतं,
हाताचं की बंदरातली.
डॉक्टर ओरेस्त ह्रित्साय यांना हे मी समजावलं
तेव्हा ते आल्यापासून पहिल्यांदा हसले.

अठ्ठ्याण्णव साल. मी शिपिंग एजंटकडे कारकून.
मालक पळाला होता, कोर्टाने बोट अडकवली होती,
वर एकोणीस युक्रेनी खलाशी, सात महिने बिनपगारी,
उरलेले कांदे मोजून खाणारे.
दिल्लीहून त्यांचा वकिलातीतला माणूस आला
सुटाच्या खिशात स्टेथोस्कोप कोंबून.
मला वाटलं, चुकून आणला असेल.

रोज सकाळी आम्ही लाँचने नांगरावरच्या बोटीकडे जायचो.
खनिजाची लाल धूळ त्यांच्या पांढऱ्या भुवयांवर बसायची
आणि ते बोलायचे, तुटक इंग्रजीत, पाण्याकडे बघत:
पोल्ताव्हाजवळचं खेडं, आई साखरेच्या कारखान्यात,
बीट धुऊन धुऊन सुजलेले तिचे हात.
मग छत्तीस खाटांचं इस्पितळ.
मग तो एप्रिल, आणि बस भरभरून आलेली मुलं.
एकेकीच्या, एकेकाच्या गळ्यावर
हीच दोन बोटं ठेवली, म्हणाले.
किती मुलं, ते लाँचच्या कठड्यावर मोजायला लागले
आणि मध्येच थांबले.

पुढे देश नवा झाला.
झेंडा होता, गाणं होतं, राजदूत नव्हते.
ह्यांनी अल्जेरियात तीन वर्षं बाळंतपणं केलेली,
फ्रेंच येत होतं, तेवढं पुरलं.
मी विचारलं, डॉक्टरकी सोडून ही कागदं कशाला?
म्हणाले, रोगी सांगतो इथे दुखतं,
सरकार सांगतं कुठेच नाही.
पोट दोघांचंही दाबूनच बघावं लागतं, मिस्टर कुंकोळ.
(कुंकळयेकर त्यांना कधी जमलं नाही.)

बोटीवर यारेमा नावाचा स्वयंपाकी होता.
शुक्रवारी त्यांनी त्याची छाती ऐकली
आणि तिथेच, पिठाच्या पोत्यावर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली:
ताबडतोब इस्पितळात.
किनाऱ्यावर उतरायचा शिक्का सोमवारी मिळणार होता.
साहेब कुणाच्या तरी लग्नाला काणकोणला गेले होते.
मी तीन फोन केले. ते स्वतः दारात जाऊन बसले,
आपल्या देशाचं ओळखपत्र मांडीवर ठेवून.
यारेमा रविवारी गेला.

बांबोळीच्या शवागाराबाहेर फॉर्म दिला,
त्यात दोन रकाने: तपासणारा डॉक्टर, देशाचा प्रतिनिधी.
पेन माझं होतं. बराच वेळ ते
कुठल्याच रकान्यात उतरलं नाही.
आतला माणूस म्हणाला, पात्रांव, खंयही करा, आमका चलता.

बाकीचे अठराजण महिन्याभराने घरी गेले.
पगाराचा निम्मा हिस्सा मिळाला, तोही
डॉक्टर कोर्टाच्या पायऱ्यांवर अकरा दिवस उभे राहिले म्हणून.

दाबोळीला निरोप घेताना त्यांनी हात मिळवला
आणि त्यांची दोन बोटं सवयीने
माझ्या मनगटावर सरकली.
विमानाची घोषणा झाली, तरी सोडेनात.
म्हणाले, उद्याच दाखवा.
चार ठोक्यांनंतर तुमचा एक हरवतो.

चिखलीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, मशीन लावून.
त्याला सव्वीस वर्षं झाली. गोळी चालू आहे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा निरोप आला:
बाबा निवृत्तीतून उठून पुन्हा इस्पितळात जातात.
इस्पितळ आता तळघरात आहे. वीज गेली की मशीन बंद,
मग तरुण डॉक्टर म्हाताऱ्याला हाक मारतात.
मी उत्तर लिहिलं, गोळ्यांचं नावही लिहिलं, का कोण जाणे.
त्यानंतर काही नाही.

ती बोट कधीच मोडीत गेली.
पहाटे पोदेराचा हॉर्न मांगोर हिलवर चढत येतो
तेव्हा मी अंथरुणातच मनगटावर दोन बोटं ठेवतो.
एक. दोन. तीन. चार.
मग ती जागा.
तिथे थोडा थांबतो.